सोळा बांगड्यांइतका वेळ

आधी दिवस लिहितो आणि नंतर माणसे, कारण दिवसांविषयी या गावात अजून कोणी वाद घातलेला नाही.

दत्तजयंतीनंतरचा शनिवार, संध्याकाळ : परगावच्या एका रेडिओ केंद्रावरून रत्नागिरीच्या जनार्दन मोडक याचा जादूचा प्रयोग झाला. त्याच संध्याकाळी, तो जिवंत असताना, त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडण्यात आल्या. रविवार, सकाळ : केंद्राला तार केली, उत्तर नाही. मंगळवार, सकाळ : मयत समजला गेलेला मोडक आगबोटीने मांडवीस उतरला. पुढचा चैत्र : त्याने नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतर काही वर्षांनी, गेला भाद्रपद : तो खरोखर वारला.

आता जबाबदार माणसे. पहिला, केंद्रावरचा तो अधिकारी, ज्याने प्रयोग चालू असताना मध्येच तबकडी लावली. दुसरे, मोडकचे वडीलबंधू वामनभटजी. तिसऱ्या, त्यांच्या आत्याबाई. चौथा, कोर्टाचा निवृत्त शिरस्तेदार, ज्याच्या खिशात घड्याळ होते, म्हणजे मी. केंद्राचे आणि त्या शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्याला लागू आहे त्याला ते समजेल, आणि बदनामीचा दावा गुदरण्याची सबब त्याला मिळणार नाही.

जनार्दन, म्हणजे जनूभाऊ, माझ्या हाताखाली नक्कल कारकून होता. लोकांना लागणाऱ्या कागदपत्रांच्या नकला करून देणे हे त्याचे काम. त्याचे अक्षर इतके एकसारखे होते की पान पालथे धरले तरी ओळी सरळ दिसत. अंगात नेहमी काळा बंद गळ्याचा कोट. त्याला आतून किती खिसे होते हे त्याच्या शिंप्यालाही नक्की सांगता आले नसते. सुट्टीच्या दिवशी तो ‘प्रोफेसर मोडक’ होई. उत्सवांत, जत्रांत, कधी दाभोळपासून कधी राजापूरपर्यंत जाऊन खेळ करी. कचेरीत मात्र तो शिस्तीचा होता. एकच खोड होती. तो कधी समोरून येत नसे. दाराकडे नजर लावून बसावे, तर हा मागच्या कपाटाच्या आडून उगवे, खांद्यावर दोन बोटे ठेवी आणि अत्यंत अदबीने विचारी, “इथं कोणी बसलंय का?” हे तो माझ्याच खुर्चीबद्दल विचारत असे, आणि मी तिच्यावर बसलेलो असे.

एकदा त्याने माझ्या हातातले एक खरेदीखत नाहीसे केले. मूळ दस्त होता तो, आणि दुसऱ्या दिवशी तारीख. माझ्या चेहऱ्यावर त्याने काय पाहिले कोण जाणे, दुसऱ्याच क्षणी दस्त माझ्या टेबलावर होता आणि तो हात जोडून उभा होता.

“चुकलो, शिरस्तेदार. पुन्हा तुमच्या कागदांना हात लावणार नाही.”

“तुरुंगात जाशील एक दिवस,” मी म्हणालो.

“नाही जायचा. नाहीसं करणं सोपं आहे. कोणीही करील. पण परत आणलं नाही तर ती चोरी. मी आजवर एकही वस्तू परत आणल्याशिवाय झोपलेलो नाही.”

हे तो हसत म्हणाला. परंतु मी त्याच्याबरोबर अठरा वर्षे काम केले आहे, आणि ही एवढी गोष्ट तो हसण्यावारी नेत नसे हे शपथेवर सांगू शकतो. खेळात एखाद्या प्रेक्षकाची अंगठी घेतली आणि परत देताना तो प्रेक्षक निघून गेलेला असला, तर दुसऱ्या दिवशी हा तीन कोस चालत त्याच्या घरी जाई आणि अंगठी त्याच्याच पगडीतून काढून देई. खेळ तिथे पुरा झाला, असे तो मानी.

त्याचा सर्वांत मोठा खेळ म्हणजे ‘जलसमाधी’. एक लाकडी पिंप पाण्याने काठोकाठ भरायचे. जनूभाऊच्या हातांत बेड्या घालायच्या. तो पाण्यात बसला की वर झाकण, झाकणाला खिळे, आणि सगळ्यावर एक काळी घोंगडी. मग वाट पाहायची. शेवटी झाकण उघडले की पिंपात नुसते पाणी, आणि प्रेक्षकांच्या मागून, सगळ्यांत शेवटच्या रांगेतून, आवाज यायचा, “इथं कोणी बसलंय का?” वेळ मोजण्याचे काम माझे. मी रंगमंचाच्या कडेला घड्याळ घेऊन उभा राहत असे आणि दर अर्ध्या मिनिटाला मोठ्याने पुकारत असे. दोन मिनिटांच्या वर तो कधी गेला नाही. युक्ती काय होती हे मला त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मालगुंडच्या एका उत्सवात केळशीचा एक खलाशी हा खेळ पाहायला बसला होता. आयुष्यात दोन बुडणारी माणसे त्याने डोळ्यांदेखत गमावलेली. मी “दीड मिनिट” पुकारले, आणि तो गडी रंगमंचावर चढला. हातात कुऱ्हाड कुठून आली देवाला ठाऊक. “मरतोय मेला आणि तुमी बघताव काय!” म्हणत त्याने पहिला घाव उचलला, आणि त्याच्या खांद्यावर मागून दोन बोटे टेकली. खलाशी तिथेच खाली बसला. नंतर त्याने जनूभाऊला ज्या शिव्या दिल्या त्या या लेखात देता येत नाहीत. पण त्या देताना त्याने त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते, हे मी पाहिले.

त्या गोंधळात एकच व्यक्ती स्वस्थ होती : जनूभाऊची पत्नी सीतावहिनी. त्या पडद्याआड पाटावर बसलेल्या असत, आणि मांडीवर हात ठेवून बांगड्या सारत असत. मला तो बायकी चाळा वाटे. तो चाळा नव्हता हे मला फार उशिरा कळले. जनूभाऊ दम रोखण्याचा सराव घरामागच्या विहिरीत करी. वहिनी पायरीवर बसून मोजत. घड्याळ त्यांच्याकडे नव्हते. एका हातात आठ, दुसऱ्यात आठ, अशा सोळा हिरव्या बांगड्या. संथपणे पंधरा आकडे मोजायचे आणि मनगटाकडची एक बांगडी कोपराकडे सारायची. आठ सारल्या की दोन मिनिटे, सोळा सारल्या की चार. विहिरीच्या पाण्याखाली त्याला काच किणकिणलेली ऐकू येई म्हणे. त्या आवाजावर तो वेळ ओळखी.

रेडिओ केंद्राकडून त्याला बोलावणे आले तेव्हा कचेरीत सगळे हसले. जादू ऐकायची कशी? कोर्टाचे नाझर म्हणाले, “उद्या केंद्रावर मुक्याचं गाणंही ठेवतील.” जनूभाऊ मात्र चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी दप्तरखान्यात माझ्याशेजारी येऊन बसला.

“शिरस्तेदार, रेडिओला मागची बाजू नसते.”

“म्हणजे?”

“लोक आपापल्या घरी बसलेले. त्यांच्या मागून मी येणार कुठून? तेव्हा एकच करता येईल. आधी इतकं गप्प व्हायचं, की माणसाला आपणहून मागं वळून बघावंसं वाटेल. डोळा लवकर घाबरतो. कान सावकाश घाबरतो. पण एकदा घाबरला की त्याला मिटता येत नाही.”

किती वेळ गप्प राहणार हे मी विचारले नाही. त्याने ते केंद्राला लेखी कळवले होते : पूर्ण चार मिनिटे शांतता राहील, कोणीही मध्ये बोलू नये, काहीही वाजवू नये, त्यानंतर मी स्वतः बोलेन. ‘चार’ या शब्दाखाली तांबड्या शाईची रेघ. तो नक्कल कारकून होता, त्यामुळे पत्राची नक्कल ठेवली होती. ती आज माझ्याकडे आहे. केंद्राच्या अधिकाऱ्याची पोच तिच्यासोबत आहे.

तो शनिवार आला. गावात चांगला रेडिओ दाऊदभाईंचा. हे आगबोटीवर इंजिन चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. सेटची तार त्यांनी दोन माडांना बांधली होती. त्या दिवशी त्यांनी आपला सेट आणि बॅटरी बैलगाडीतून वाचनालयात आणली. पुरुष सतरंजीवर, बायका मागच्या खोलीत, मध्ये जाड पडदा. सीतावहिनी, आत्याबाई पडद्यापलीकडे. वामनभटजी माझ्या उजवीकडे. आत्याबाई म्हणजे जनूभाऊच्या वडिलांची बहीण. नवव्या वर्षी विधवा झालेल्या, आणि ‘जलसमाधी’ या नावाला पहिल्यापासून विरोध करणाऱ्या. “अभद्र नाव घेऊन कोणी पाण्यात शिरतो का रे?” असे त्या त्याला दर खेळाआधी विचारीत.

सेटमधून प्रथम खरखर, मग निवेदक, मग आमचा जनूभाऊ.

“नमस्कार. तुम्हाला मी दिसत नाही. म्हणजे माझं अर्धं काम आधीच झालं.”

सगळे वाचनालय हसले. ते आमचे त्या संध्याकाळचे शेवटचे हसणे.

बेड्यांचा खटका ऐकू आला. पाण्याचा आवाज आला. आधी एक पाय, मग दुसरा, मग संबंध अंग बसल्यावर काठावरून सांडणारे पाणी. लाकडावर लाकूड. मग खिळे. खेळात मी ते खिळे पन्नासदा पाहिले होते. पण न पाहता नुसते ऐकले तेव्हा प्रत्येक घाव माझ्या छातीत बसला. सहा खिळे. मग काही नाही.

मी घड्याळ उघडले. सवयीने “अर्धा मिनिट” म्हणालो. कोणी हलले नाही. बत्तीची फुरफुर तेवढी चालू. “एक मिनिट.” भिंतीवर पाल चुकचुकली आणि वामनभटजींनी बोटाने जमिनीवर तीनदा टकटक केले. “दीड.” दार उघडे होते, बाहेर संध्याकाळ दाटत होती, आणि मला जाणवले की पुढच्या रांगेतला एकेक माणूस मान वळवून मागे पाहू लागला आहे. जनूभाऊ म्हणाला होता तसेच. “दोन मिनिटे.” आता तो यायला हवा होता.

तो आला नाही.

पडद्यामागून अधूनमधून काच किणकिणत होती. तो आवाज मला सहन झाला नाही. मी ओरडलो, “बायकांनी आवाज करू नये!” किणकिण क्षणभर थांबली. मग पुन्हा, अगदी हळू, एक किण. अडीच मिनिटे. कोणीतरी रामनाम सुरू केले. तीन मिनिटे भरली, आणि मी तोंड उघडण्यापूर्वी सेटमधून सारंगी वाजू लागली.

सारंगीच. दुसरे काहीही नव्हे. एक शब्द नाही, खुलासा नाही. रडणाऱ्या बाईसारखी एक सारंगी.

दाऊदभाई सेटवर वाकले. “थांबा हो, थांबा! बॅटरी शाबूत आहे, सेट शाबूत आहे. तिकडून कोणीतरी तबकडी लावलीय. तबकडी लावली म्हणजे माणूस मेला, असं कुठल्या किताबात आहे?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कोर्टात वीस वर्षे माणसे माझ्याकडे अशीच पाहत आली होती : कागद पाहून सांगा, शिरस्तेदार. आणि मी सांगितले. मला भीती वाटली होती, आणि भ्यालेला माणूस आपल्या हातात जे असेल ते उगारतो. माझ्या हातात घड्याळ होते.

“तीन मिनिटे होऊन गेली,” मी म्हणालो. “जनूभाऊ दोनच्या वर कधी राहिलेला नाही. इतका वेळ माणूस पाण्याखाली जगत नाही.”

पडद्यामागून आत्याबाईंचा आवाज आला. “शिरस्तेदार बोलले! ऐकलंस ना गो? आता कसली वाट बघतेस?”

“थांबा!” हा वहिनींचा आवाज. “मोजतेय मी. आत्याबाई, हात सोडा, माझी मोजणी चालू आहे, अजून—”

मागच्या खोलीचा उंबरा दगडी आहे. आम्ही पुरुषांनी काही पाहिले नाही; फक्त ऐकले. एकदा आणि दुसऱ्यांदा. काचेचे तुकडे फरशीवरून घरंगळत पडद्याखालून आमच्या बाजूला आले. सारंगी चालूच होती.

रविवारी तारकचेरी उघडताच मी केंद्राला तार केली. उत्तर आले नाही. सोमवारपर्यंत बातमी बंदरापासून नाचणे गावापर्यंत पसरली होती, आणि प्रत्येक तोंडी पिंपातले पाणी अधिक लाल होत होते. वामनभटजींनी शनिवारीच स्नान करून सुतक धरले होते.

मंगळवारी सकाळी मी मांडवीवर गेलो, आगबोटीने कोणी माहितगार येतो का ते पाहण्यासाठी. धुके होते. आगबोट दूर उभी राहते; उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणतात. पडाव खडकाजवळ आला, खलाशी गुडघाभर पाण्यात उतरले, आणि एकाने किंकाळी फोडली.

“मोडक! मोडक हाय रे पडावात! पाय बगा तेचे आदी, पाय बगा!”

जनूभाऊ अगदी मागे, एका गाठोड्याआड बसला होता. त्याला वाटले गाववाल्यांनी थट्टा मांडली आहे. तो उठला, पुढच्या उतारूच्या खांद्यावर दोन बोटे ठेवली आणि हसून म्हणाला, “इथं कोणी बसलंय का?”

पडाव रिकामा झाला. माणसांनी कपड्यांनिशी पाण्यात उड्या टाकल्या. एका म्हाताऱ्याने काठावरची ओली वाळू उचलून त्याच्या दिशेने फेकली. जनूभाऊ एकटाच पडावात उभा राहिला, हात अजून पुढे केलेला. त्याला हाक मारायला मला जो वेळ लागला, तो मी घड्याळात पाहिला नाही.

त्याच्याबरोबर घरी मी गेलो. वामनभटजी ओटीवर बसले होते. भावाला पाहून ते उठले, पुन्हा बसले. ते दुष्ट गृहस्थ नव्हेत, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

“तिथंच थांब,” ते म्हणाले. “घरात सुतक आहे.”

“कोणाचं?”

“तुझं.”

जनूभाऊ हसला. कोणी हसले नाही म्हणून थांबला. मग त्याला सगळे सांगावे लागले, आणि ते मी सांगितले.

“ज्याचं सुतक धरलं तो परत आला, तर त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो,” वामनभटजी म्हणाले. “जातकर्म, बारसं, मुंज, आणि सीतेशी पुन्हा लग्न. मी सगळं यथासांग करतो. दोन दिवसांचं काम आहे. मग घरात ये.”

“दादा, मी मेलोच नाही.”

“शास्त्र तू मेलास का ते विचारत नाही, जनू. आम्ही रडलो का, ते विचारतं.”

जनूभाऊ अंगणातूनच शांतपणे बोलला. “चार मिनिटं झाल्यावर मी बाहेर आलो. त्या साहेबाच्या मागं जाऊन खांद्यावर हात ठेवला, आणि विचारलं. तो म्हणाला, ‘वेळ संपली, प्रोफेसर, आम्ही तबकडी लावली.’ आता मी पुन्हा जन्मलो, तर मी त्या पिंपातून बाहेर आलो नाही असं कबूल केल्यासारखं होईल. मी आलोय, दादा. माझा खेळ पुरा झालाय. तुम्ही तो ऐकला नाहीत, एवढंच.”

तेवढ्यात माजघरातून वहिनी आल्या. हात पदराखाली. जनूभाऊने कोटातून कागदाचे पुडके काढले. परगावाहून त्याने बांगड्या आणल्या होत्या, हिरव्या, सोळा. त्या त्याने हवेतून काढल्या नाहीत, कोणाच्या पगडीतून काढल्या नाहीत. नुसत्या पुढे केल्या. वहिनींनी पदराबाहेर हात काढले. मनगटांवर कापल्याच्या रेघा होत्या.

“अगो, हात मागं घे!” आत्याबाई आतून ओरडल्या. “मेलेल्याच्या हातून चुडा भरतेस?”

“बारा सारल्या होत्या मी,” वहिनी म्हणाल्या. त्या आत्याबाईंकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या. “चारच राहिल्या होत्या. शिरस्तेदार, तुम्ही मला आवाज करू नको म्हणालात.”

त्यांनी ओटीच्या पायरीवर उभे राहून बांगड्या भरल्या आणि खाली उतरल्या. त्या घरात त्या पुन्हा गेल्या नाहीत.

दाऊदभाईंनी आपल्या वाडीतली बाहेरची खोली दिली. गावाने बहिष्कार घातला असे म्हणता येणार नाही. बहिष्कार घालायला धीर लागतो. गाव नुसते भ्याले. भाजीवाली सुटे पैसे वहिनींच्या हातात न देता पायरीवर ठेवी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना एकाही घरचे बोलावणे आले नाही. एका वकिलाने भर कोर्टात विनोद केला की मयत इसमाने खरी म्हणून सही केलेली नक्कल पुराव्यात घेता येईल काय. मी त्या वकिलाला तिथल्या तिथे जे सुनावले त्याबद्दल मला समज मिळाली आणि ती मी जपून ठेवली आहे. जनूभाऊने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, तोही सुरेख अक्षरात.

त्याने एकदा खेळ लावून पाहिला. माणसे आली, हे खरे. पण मधल्या जागेत कोणी बसेना. सगळे चारही भिंतींना पाठ लावून उभे राहिले, की मागून कोणी येऊ नये. जनूभाऊने रंगमंचावरून ते पाहिले. पिंप भरलेले होते, बेड्या तयार होत्या. त्याने पिंप कलंडून पाणी ओतून दिले, नमस्कार केला आणि खेळ तिथेच संपवला.

त्यानंतर भीती त्याच्यात शिरली. हे मला लिहिताना जड जाते. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागून आला, तो आता स्वतः भिंतीला पाठ लावून बसू लागला. कोणी मागून गेले की दचके. रोज संध्याकाळी दाऊदभाईंच्या पडवीत सेटपुढे बसे, ते केंद्र लावी आणि कार्यक्रम संपेपर्यंत ऐकत राही. दाऊदभाई एकदा म्हणाले, “प्रोफेसर, गाणी नको वाटली तर बंद करू?” तर म्हणाला, “नको. माझं वाक्य राहिलंय. कधीतरी सांगतील.”

एकदा त्याने मला विचारले, “शिरस्तेदार, मी आलो ना बाहेर?”

“आलास. मांडवीवर मी डोळ्यांनी पाहिलं.”

“मांडवीवर नव्हे. तिथं. पिंपातून.”

आणि मी, ज्याने न पाहिलेल्या मृत्यूची ग्वाही भरल्या सभेत दिली होती, त्याला म्हणालो, “तिथं मी नव्हतो, जनूभाऊ. मी कसं सांगू?” तो मान हलवून म्हणाला, “खरं आहे.” पुराव्याच्या कायद्याप्रमाणे माझे उत्तर बिनचूक होते. त्या उत्तराइतकी लाज मला दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

केंद्राला मी अकरा पत्रे लिहिली. मागणी एकच : ज्या लहरीवरून शांतता तोडलीत, त्याच लहरीवरून एक वाक्य सांगा, की प्रोफेसर मोडक त्या संध्याकाळी पाण्यातून जिवंत बाहेर आले. दोन पत्रांना उत्तर मिळाले. पहिल्यात, कार्यक्रम वेळापत्रकानुसार संपला, असे. दुसऱ्यात, श्रोत्यांना शांतता आवडत नाही, असे. सही दोन्हींवर एकाच माणसाची, न वाचता येणारी.

मी त्याला शेवटचे पाहिले ते गेल्या भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. ताप हटत नव्हता. पडवीत खाटेवर, भिंतीला पाठ लावून, उशीला टेकून बसला होता. सेट चालू होता. शेजारच्या मोडक्या खुर्चीवर मी बसू लागलो, तर त्याने दोन बोटे उचलली. मला वाटले तो आपले जुने वाक्य म्हणणार. पण तो म्हणाला, “जरा थांबा, शिरस्तेदार. गाणं संपतंय. आता कदाचित सांगतील.” गाणे संपले. बाजारभाव सुरू झाले. वहिनी पायथ्याशी बसून बांगड्या सारत होत्या, आणि त्या आवाजावर त्याचा डोळा लागला. दोन दिवसांनी दुपारी तो गेला.

आत्याबाई आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या वाडीत. रडल्या, हे खरे. मग वहिनींजवळ बसल्या आणि हात पुढे केला. वहिनींनी दोन्ही हात छातीशी धरले.

“माझ्या एकदा फोडून झाल्यात, आत्याबाई. बारावर. चार राहिल्यात. ते आले म्हणून केंद्राने एकदा सांगावं. मग मीच फोडीन. तुम्हाला कष्ट नकोत.”

आज त्या दारावरून लोक तोंड फिरवून जातात. कुंकू लावलेली विधवा त्यांना भुतापेक्षा अधिक भिववते. वहिनी रोज संध्याकाळी सेटपुढे बसतात. शेजारची मोडकी खुर्ची रिकामी असते. परवा मी गेलो आणि नकळत विचारले, “इथं कोणी बसलंय का?” वहिनी म्हणाल्या, “हो.” मी जमिनीवर बसलो.

माझा जबाब मी वर दिला आहे : त्या शनिवारी मी खोटी ग्वाही दिली. एका बाईची बरोबर चाललेली मोजणी मी माझ्या घड्याळाच्या जोरावर बंद पाडली. वामनभटजी आणि आत्याबाई या दोघांनीही माझ्याच शब्दावर कृती केली, त्यांचा जाब मी मागत नाही. राहिला पहिला. त्याला मी या लेखाद्वारे जाहीरपणे विचारतो : तबकडीवर सुई ठेवणारा हात कोणाचा होता, आणि खांद्यावर ती दोन बोटे टेकली तेव्हा तू मागे वळून जे पाहिलेस, ते काय होते? उत्तर मला पत्राने नको. त्याच केंद्रावरून, त्याच वेळी, मोठ्याने दे. एक बाई ऐकत बसली आहे, आणि तिच्या हातावर चार बांगड्या अजून सारायच्या आहेत.